पिशव्या सांभाळणाऱ्या माणसासाठी एक लँड

लहानपणी आम्ही एसेलवर्ल्डला जायचो तेव्हा मला राईड्सपेक्षा आधीची बोट जास्त आठवते. गोराईच्या खाडीतून ती फेरी बोट निघाली की मागे बोरिवली लहान लहान होत जायची, पुढे काय आहे ते दिसायचं नाही, आणि डिझेलचा वास आणि खाऱ्या पाण्याचा वास असा मिसळून यायचा की आजही तो वास आला की माझ्या पोटात गुदगुल्या होतात. आता ते पार्क बंद झालंय. पण आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला थिसिसचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी काहीही विचार न करता अम्युझमेंट पार्क लिहून दिलं, त्यामागे ती बोट होती हे मला नंतर कळलं.

विषय असा होता की आधीपासून चालू असलेल्या पार्कला लागून चाळीसेक एकर जागा आहे असं धरायचं (जागा मी कर्जतच्या बाजूची घेतली) आणि तिथे नवीन लँड्स आणि राईड्स कल्पायच्या. लँड म्हणजे जमीन नाही हं, पार्कवाल्यांच्या भाषेत एका गोष्टीचा एक अख्खा मुलूख, त्यात राईड, खाणं, दुकान, झाडं, कचऱ्याचे डबेसुद्धा त्याच गोष्टीतले. पहिल्या टप्प्याला ब्लू स्काय म्हणतात, म्हणजे पैसा, जागा, नियम सगळं विसरून जे सुचेल ते भिंतीवर लावायचं. मला वाटलेलं हाच सगळ्यात मजेचा भाग असणार आणि पहिले आठ दिवस तो होताही. होस्टेलच्या खोलीची एक अख्खी भिंत पिवळ्या चिठ्ठ्यांनी भरली. लोणारचं विवर, कोकणातली भुतं, किल्ल्यांवरून उतरणारा कोस्टर, वारी, जत्रा, दख्खनचे ज्वालामुखी, पानशेतच्या पाण्याखालचं गाव, काय काय.

मग एकेक चिठ्ठी उतरायला लागली.

वारीची चिठ्ठी मेसच्या मावशींनी उतरवली. त्या दरवर्षी आळंदीहून पंढरपूरला चालत जातात, मी मोठ्या उत्साहाने त्यांना सांगत होते की मावशी अशी हळू सरकणारी गाडी असेल, दोन्ही बाजूला दिंड्या, रिंगणाचा घोडा येईल, शेवटी वाळवंट दिसेल. त्या पोळी लाटता लाटता ऐकत होत्या आणि एवढंच म्हणाल्या, "अगं पण चालायचंच नाही तर वारी कसली? बसून फिरायची ती सहल." मी खोलीवर येऊन चिठ्ठी काढली. किल्ल्यांच्या कोस्टरचं तसंच, आमच्या गाईड मॅडमनी विचारलं की महाराजांच्या गडावरून लोक किंचाळत, हात वर करून खाली येणार आणि बाहेर त्याचे फोटो विकले जाणार, तुला स्वतःला ते बघवेल का. नाही बघवणार. ज्या गोष्टीपुढे लोक चपला काढतात तिची राईड करू नये हे मी त्या दिवशी वहीत लिहिलं आणि अजूनही मानते.

जुलैच्या शेवटी केस स्टडीसाठी एक अख्खा दिवस एका मोठ्या पार्कात बसून काढला. बसूनच, एकाही राईडमध्ये न जाता, मॅडमची तशी अटच होती. सोबत आई, आजी, आणि मामाची दोन पोरं. आजीचं माहेर कुडाळकडचं, वय अठ्ठ्याहत्तर, तिला विचारलं एखाद्या साध्या पाळण्यात तरी बसशील का, तर "माका नको बाय, मी हयसरच बरी" म्हणून ती एका बाकड्यावर जी बसली ती सव्वादोन तास. आणि मी समोरच्या बाकड्यावर वही घेऊन, दर पंधरा मिनिटांनी रांग किती, बोट किती वेळाने सुटली याच्या रेघा मारत.

हळूहळू माझं लक्ष रांगेवरून आजीकडेच गेलं. तिच्या मांडीवर आणि बाजूला मिळून काय काय होतं ते मी लिहून काढलं: चार चपलांचे जोड, दोन चष्मे, तीन मोबाईल एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, ओला टॉवेल, चिवड्याचा डबा, पाण्याच्या दोन बाटल्या, आणि पोरांनी जिंकलेला एक फुगलेला प्लॅस्टिकचा डॉल्फिन. मी समोर नसते तर तिला उठून बाथरूमलाही जाता आलं नसतं, कारण हे सगळं कोणाकडे देणार. बाकड्याचं तोंड एका दुकानाच्या मागच्या भिंतीकडे होतं. ज्या राईडमध्ये तिची नातवंडं किंचाळत होती ती तिच्या पाठीमागे होती, तिला फक्त आवाज यायचा आणि प्रत्येक आवाजाला ती मान वळवून बघायचा प्रयत्न करायची. मग पावसाची सर आली आणि ती तो डॉल्फिन डोक्यावर धरून बसली. आजूबाजूला बघितलं तर जवळजवळ प्रत्येक बाकड्यावर अशीच कोणीतरी आजी, एखादी गरोदर बाई, गुडघे दुखणारे काका, बाळ घेतलेली आई. तिकीट काढून आत आलेली माणसं ही, आणि त्यांच्यासाठी तिथे काहीच नव्हतं, मला खरंच आतून वाईट वाटलं.

घरी आल्यावर वाचत बसले तर डिस्नेलँडचीच गोष्ट सापडली. वॉल्ट डिस्ने शनिवारी आपल्या दोन मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जायचे, मुली मेरी-गो-राउंडमध्ये आणि हे बाकड्यावर शेंगदाणे खात बसलेले, आणि तिथे त्यांच्या डोक्यात आलं की आईवडील आणि मुलं दोघांना मिळून मजा करता येईल अशी एखादी जागा का नसावी. पुढे 17 जुलै 1955 ला अॅनाहाइमला डिस्नेलँड उघडलं. म्हणजे डिस्नेलँडची सुरुवातच बाकड्यावर ताटकळलेल्या माणसापासून झालीय! मी मॅडमना दुसऱ्या दिवशी सांगितलं की मला माझी लँड पिशव्या सांभाळणाऱ्या माणसापासून सुरू करायचीय. त्या म्हणाल्या कर, पण गणित सोडायचं नाही.

गणित म्हणजे तासाला किती माणसं. हे कोणी सांगत नाही पण राईड कल्पताना निम्मं काम हेच असतं. बोटीत 20 माणसं आणि दर 40 सेकंदाला एक बोट सुटली तर तासाला 90 बोटी, म्हणजे 1800 माणसं. आणि जत्रेतल्या ब्रेक डान्ससारखी गोल फिरणारी, 24 सीटची राईड, चढणं उतरणं धरून एक फेरी 5 मिनिटांची, तर तासाला फक्त 288. दोन्हींच्या रांगेत 300 माणसं उभी असली तर पहिल्या रांगेत 10 मिनिटं आणि दुसरीत तासाहून जास्त. तीच 300 माणसं! म्हणून रांग किती लांब आहे यावर जायचं नाही, ती किती सरकते ते बघायचं. आणि दुसऱ्या राईडच्या बाहेर बसलेल्या आजीला तासभर बसावं लागतं हे त्यात कोणी मोजत नाही.

गोष्ट मात्र अजून मिळाली नव्हती. ती ऑगस्टमध्ये मिळाली, आणि घराजवळच मिळाली. आम्ही कल्याणचे. कल्याणहून माळशेजच्या रस्त्याला वैशाखऱ्याच्या पुढे उतरलं की नाणेघाटाची चढण लागते, दोन हजार वर्षांपूर्वीची सातवाहनांच्या काळातली वाट. कल्याण, सोपारा या बंदरांवर जहाजातून आलेला माल याच घाटाने वर जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. मी शाळेपासून हे नाव ऐकतेय पण गेले नव्हते कधी. पावसात, धुक्यात, दगडी पायऱ्यांवरून पाणी वाहतंय आणि आम्ही चार जणी धापा टाकत. वरच्या टोकाच्या थोडं आधी गुहा लागते, तिच्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख, यज्ञात किती गाई दिल्या, किती हत्ती, किती घोडे, किती कार्षापण नाणी, सगळे आकडे भिंतीवर कोरलेले. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या लोकांच्या मूर्ती होत्या, त्यांची आता फक्त पावलं उरलीत आणि वर नावं. गुहेतून निघालं की एक अरुंद घळ, दोन्ही हात पसरले तर कातळाला लागतील असं वाटावं इतकी, वारा त्यातून असा येतो की माणूस मागे ढकलला जातो. आणि ती संपली की एकदम मोकळं पठार आणि समोर तो दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकायचे असं सांगतात.

मी त्या रांजणाजवळ ओली चिंब होऊन उभी होते आणि मला पूर्ण राईड दिसली. खोटं नाही सांगत, क्रमाने दिसली. खाली बंदर, मग चढण, गुहा, घळ, रांजण, पठार. आपल्याकडे गोष्ट सांगायला ड्रॅगन लागत नाहीत हे मला इमॅजिका पार्कातल्या राजासॉरस राईडने आधीच पटवलं होतं, कारण राजासॉरस हा खरोखरचा आपल्याकडचा डायनासोर, गुजरातेत सापडलेला, 2003 मध्ये त्याला नाव मिळालं. पण नाणेघाट तर आमच्या अंगणातला. आणि शिवाय तो देव नाही, गड नाही, व्यापाराची वाट आहे, तिथून सगळी माणसं गेली, घाम गाळत, भाव करत, कुरकुर करत. त्यात बसून जायला कोणाचा अपमान नाही.

पुढचे चार महिने मी फक्त तीन गोष्टींवर भांडत होते.

पहिली रांग. मी ठरवलं की रांग हीच चढण. प्रवेशाला प्रत्येकाला मातीचं एक नाणं मिळणार, रांगेच्या शेवटच्या टप्प्यात घळ, पाच फूट रुंदीची, वरून उजेड कमी, आणि घळीतून बाहेर पडलं की मोकळं आणि समोर रांजण, त्यात नाणं टाकल्याचा खणकन आवाज आला की पुढे राईड. मॅडमनी लगेच दोन प्रश्न टाकले. मातीचं नाणं दगडात खणकन वाजेल का? आणि टाकलेलं नाणं परत सुरुवातीला कसं येणार? मी कुंभारवाड्यात जाऊन भाजलेल्या मातीच्या चकत्या करून आणल्या आणि दगडी पाट्यावर टाकून बघितल्या, बद्द आवाज येतो आणि चौथ्या पाचव्या वेळेला कड उडते. पितळी चकती मात्र छान वाजते. मग पितळी केली. रांजणाला तळाशी भोक, खाली उतरती पन्हळ, नाणी घरंगळत रांगेच्या तोंडाशी परत, आणि जाताना मोजली जाणार म्हणजे तासाला किती माणसं गेली तेही आपोआप कळणार. पोरं नाणं खिशात घालून घरी नेणार हे नक्की आहे, तो खर्च मी हिशोबात धरलाय, नेऊ देत, मला ते आवडेल.

दुसरी गोष्ट उंची. खरा घाट मला बांधता येणार नव्हता, 22 मीटरच्या वर जायचं नाही असं मी धरलं होतं. डिस्नेलँडचा किल्ला फक्त 77 फुटी आहे पण वर वर विटा आणि खिडक्या लहान करत नेल्यामुळे तो मोठा वाटतो. आपल्या सह्याद्रीला तर देवानेच पट्टे दिलेत, लाव्हाचे थर एकावर एक आडवे, पावसाळ्यात मधल्या फटींतून हिरवं गवत येतं तेव्हा ते स्पष्ट दिसतात. मी तळाचा थर 2 मीटर जाडीचा ठेवला आणि वर जात जात 40 सेंटीमीटरवर आणला, खाली कारवीची मोठी झुडपं आणि वर खुरटं गवत. सनबोर्डच्या मॉडेलवर मुंगीएवढी माणसं ठेवून डोळा टेबलाच्या पातळीला आणून बघितलं आणि तो कडा खरंच वर निघून गेला.

तिसरी गोष्ट धबधब्याची, आणि तिच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव. नाणेघाटात जोराचा वारा असला की धबधबा खाली पडतच नाही, कड्यावरून निघालेलं पाणी उलटं वर उडतं. राईडमध्ये गाडी पठाराच्या कडेला येते तेव्हा हे दिसायलाच हवं असं माझं म्हणणं, आणि सगळ्यांचं म्हणणं की व्हिडिओ दाखव. मी होस्टेलच्या गच्चीवर करून बघायचं ठरवलं. मैत्रिणीच्या वडिलांचा द्राक्षबागेतला पाठीवरचा फवारणीचा पंप आणला, स्वच्छ तीन वेळा धुतला, आणि एक उभा पंखा आडवा करून तोंड आकाशाकडे केलं, वायर आणि प्लग पाण्यापासून लांब, जिन्याच्या आत. पहिल्या संध्याकाळी नोझल बारीक ठेवलं तर पाणी वर गेलं पण ते पाणी वाटेचना, नुसती वाफ. दुसऱ्या दिवशी नोझल मोठं केलं तर धार पंख्यावरच पडायला लागली, बंद करावं लागलं. तिसऱ्या दिवशी मधलं, आणि पंखा थोडा तिरका, म्हणजे थेंब आधी पुढे जाऊन मग वर वळतील असा. तरी दिसत नव्हतं. मग रूममेट म्हणाली समोरून टॉर्च मारू नकोस, मागून मार. मागे काळी चादर दोरीवर टाकली, बाजूच्या मागच्या कोपऱ्यातून एक पिवळा बल्ब, आणि अचानक सगळे थेंब पेटले. हातभर उंचीचा धबधबा, वर जाणारा. आम्ही तिघी चौघी किती वेळ काही न बोलता बघत होतो. त्याचा फोटो नीट आलाच नाही.

आता पिशव्या सांभाळणारा माणूस. राईडच्या तोंडाशी सामानाची फडताळं, नंबरवाली, ती पहिल्या दिवसापासून होती. बाकडी मी अशी फिरवली की त्यांचं तोंड राईडमधून उतरणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांकडे, कारण नातू घाबरून आला का हसत आला हे आजीला पहिल्यांदा बघायचं असतं. पावसाचं छप्पर बाकड्यावरून सुरू होऊन पूर्ण लँडभर सलग. टोकियो डिस्नेलँडला 1983 मध्ये त्यांनी पावसासाठी अख्ख्या मुख्य रस्त्यावर काचेचं छप्पर घातलं, आणि आपण पावसाचे चार महिने अंगावर घेणारे लोक छत्र्या विकत बसतो. मी काच नाही घेतली, कोकणातल्या घराची पडवी असते तसं उतरतं कौलारू, जिथून पागोळ्या बघत बसता येतं.

आणि एक राईड फक्त तिच्यासाठी. 1964 च्या न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये, म्हणजे जागतिक प्रदर्शनात, डिस्नेने एक थिएटर केलं होतं, त्यात रंगमंच जागेवरच आणि प्रेक्षकांच्या खुर्च्याच गोल सरकत एका दृश्यावरून दुसऱ्यावर जायच्या. धक्का नाही, पट्टा नाही, अंधार नाही. मी त्यात दशावतार, कोकणातलं लोकनाट्य, बसवला. आजीने लहानपणी कुडाळकडच्या जत्रांत रात्र रात्र जागून बघितलेला, संकासुराचा काळा बुरखा आणि बाहेर लोंबणारी लाल जीभ आली की पोरं आयांच्या पदरात घुसायची हे ती अजून करून दाखवते. शिवाय दशावतारात सिंहासन म्हणून रंगमंचावर असतं ते एक साधं बाकडं, राजा त्याच्यावर बसला की तो दरबार. मला ते इतकं पटलं की काय सांगू. गणित पण सुंदर होतं, एका भागात 120 माणसं, दर 4 मिनिटांनी सरकायचं, तासाला 1800.

ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडताना, हेच पडलं. बाहेरून आलेले एक सर म्हणाले, त्या अमेरिकन थिएटरात यांत्रिक बाहुल्या होत्या, त्या दिवसभर तेच करतील. तुझा संकासुर हाडामांसाचा आहे, आयत्या वेळी संवाद रचून बोलणारा, त्याला तू तासाला 15 वेळा तेच चार मिनिटांचं करायला लावणार? मला उत्तर नव्हतं, कारण ते बरोबर होते. मी गणित बघता बघता नटाला विसरले होते, जसे पार्कवाले आजीला विसरतात. पुढच्या पंधरा दिवसांत मी ते बदललं, 20 मिनिटांचा खेळ, प्रवेश बदलताना तेवढा मांडव हळू फिरणार, नटांच्या दोन पाळ्या, मधे विश्रांती, मागे त्यांना रंग लावायला नीट उजेडाची खोली. तासाला 360 माणसं. कमी आहेत आणि मला चालेल, ती जागा माणसं खपवण्यासाठी नाहीच, बसण्यासाठी आहे.

फायनल ज्युरी पास झाले, मार्क चांगले पडले. नाणेघाट सगळ्यांना आवडला, उलट्या धबधब्याला मात्र एकच शेरा, एवढ्या मोठ्या पंख्यांना वीज किती लागेल ते दाखवलेलं नाही. खरंय, नाही दाखवलं. गच्चीवरचा हातभर धबधबा 8 मीटरचा करायचा तर वारा किती वाढवावा लागेल हे मला नुसतं अंदाजाने नाही लिहायचंय. सध्या मी एका ऑफिसात नोकरीला लागलेय, तिथे फ्लॅटचे बाथरूम काढते, आणि रात्री बाकड्याची ड्रॉइंगं परत काढते. घरातल्या सगळ्या खुर्च्या आजीला बसवून टेपने मोजल्या, 18 इंची खुर्चीवरून ती आधाराशिवाय उठते, 15 इंची सोफ्यावरून तिला हात द्यावा लागतो, म्हणून बाकडं 18 इंच आणि दोन्ही बाजूला हात.

येत्या जुलैत वाऱ्याचा वेग मोजायचं छोटं यंत्र घेऊन परत जायचंय. यावेळी जुन्नरच्या बाजूने, घाटघरवरून, तिकडून गाडी अगदी वरपर्यंत जाते आणि रांजणापर्यंत थोडंच चालायचं असतं, म्हणजे आजीला नेता येईल. तिने आत्तापासून विचारायला सुरुवात केलीय की सामान काय काय घ्यायचं, आणि मी तिला सांगितलंय, तुझी छत्री सोडून काहीच नाही, पिशव्या मी धरते.